मे महिन्यातलं नाशिक: एका रिटायर कंडक्टरचं वेळापत्रक

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली. रिटायर झालो तेव्हा वाटलं, चला, आता पॅसेंजर संपले. कसले संपतात! एप्रिल सरत आला की पुण्याची भाची तिच्या दोन पोरांसकट, डोंबिवलीचा धाकटा भाऊ, लेकीची मुलं आणि त्यांच्याबरोबर कुणाची तरी मैत्रीण असे सगळे आमच्या अशोक स्तंभाजवळच्या घरी उतरतात. गेल्या मे महिन्यात एका रात्री गच्चीवर अकरा अंथरुणं होती. मोजायची सवय काही जात नाही.

सकाळी डोळे उघडले की प्रश्न ठरलेला: "मामा, आज कुठे नेणार?" दहा-बारा उन्हाळे या प्रश्नाला उत्तरं देऊन जे वेळापत्रक तयार झालं, ते इथे लिहितो. तुमच्याकडेही पाहुणे येत असतील, किंवा तुम्हीच कुणाकडे पाहुणे म्हणून येणार असाल.

आधी वेळेचं. सकाळची फेरी साडेसहाला सुटते आणि दहाच्या आत परत येते. दहा ते साडेपाच गाडी डेपोत. संध्याकाळची फेरी सहाला सुटते, तिला परतीची घाई नाही. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या आसपास घुटमळतो, पण ऊन कललं की पश्चिमेकडून वारं सुटतं आणि रात्री गच्चीवर पातळ चादर लागते. मुंबईच्या माणसाला हे सांगून पटत नाही. तो दुपारी बारा वाजता टोपी घालून "आपण निघू या का?" म्हणत दारात उभा राहतो. त्याला आंब्याचा रस वाढा, आपोआप झोपतो.

मग टप्प्याचं. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे घाटावर, काशीला नव्हे. गंगेच्या एका अंगाला पंचवटी. दुसऱ्या अंगाला जुनं नाशिक: सराफ बाजार, दहीपूल, मेनरोड, शालिमार. पश्चिमेला कॉलेज रोड आणि गंगापूर रोड. मुंबईच्या दिशेला पाथर्डी फाटा आणि पांडवलेणी. नाशिकरोड तर वेगळंच गाव म्हणा. एका फेरीत एकच टप्पा घ्यायचा. एका वर्षी मी शहाणपणा केला. सकाळी नाशिकरोडचं मुक्तिधाम मंदिर, मग पंचवटीतलं काळाराम, मग गंगापूर रोडला जेवण. निम्मा दिवस रिक्षात गेला आणि भाचीचा धाकटा द्वारका चौकात ओकला. त्यात आता २०२७च्या सिंहस्थाची कामं आहेत, कालचा रस्ता आज उघडा असेलच असं नाही. तेव्हा जिथे उतरलात तिथेच पायी फिरा.

मिसळ

मिसळ कुठे खायची हे सगळे विचारतात. कधी खायची हे कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. सकाळी आठच्या आत टेबलावर बसलेलं असलं पाहिजे. रविवार असेल तर साडेसातला.

एका रविवारी आमची वरात एका मळ्यातल्या मिसळीला साडेदहाला पोचली. नाव लिहीत नाही, एरवी तिथे चांगली मिळते. चिठ्ठीवर नंबर मिळाला त्रेचाळीस. पत्र्याच्या शेडखाली सव्वा तास काढला. पोरं झोपाळ्यावरून दोनदा पडली. शेवटी ताटं आली तेव्हा रश्श्यात पाणी वाढवलेलं जिभेला कळत होतं. चूक त्यांची अर्धी आणि माझी अर्धी, कारण मीच सगळ्यांना उठवायला उशीर केला.

पाहुण्यांना एकदा चुलीवरची मिसळ म्हणून साधनाला नेतो. झाडं, मोकळी जागा, पोरांना खेळायला मिळतं. सातपूरकडे काम असेल तर श्यामसुंदर. आणि गावातली जुनी चव हवी असेल तर भगवंतराव, तिथे बाग-बिग नाही, खाल्लं की उठायचं. माझं मत विचाराल तर मिसळीला झोपाळा लागत नाही. पण घरात माझं मत एकच असतं आणि पोरांची सहा.

आता खायची कशी. ताटात मटकी, त्यावर फरसाण, कांदा, लिंबू, शेजारी पापड आणि दही येतं, रस्सा वेगळ्या वाटीत. नवखा माणूस पूर्ण वाटी एकदम ओततो. फरसाणाचा लगदा होतो आणि मग तो म्हणतो, नाशिकच्या मिसळीत विशेष काही नाही. तसं करू नका. दोन चमचे रस्सा घाला, तेवढंच कालवा, खा, मग पुढचे दोन चमचे. शेवटच्या घासापर्यंत शेव कुरकुरीत राहिली पाहिजे. काळ्या मसाल्याचा रस्सा पहिल्या घासाला साधा वाटतो, चौथ्या घासाला कानामागे घाम येतो. म्हणून पोरांच्या ताटात आधी दही. पाव दोनच्या वर घेऊ नका, कारण मिसळीनंतर जिलबी मागवायची असते.

पांडवलेणी, पण पहाटेची

पांडवलेणी सकाळीच करायची, म्हणजे त्या दिवशी मिसळ नंतर. पाथर्डी फाट्याच्या सिटीलिंक बसने जा. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत. ऊन चढल्यावर त्या चारशे होतात. चोवीस लेणी आहेत, सगळी दाखवायच्या फंदात पडू नका. मी तीनच दाखवतो. अठरा क्रमांकाचं चैत्यगृह, कारण आत शिरल्याबरोबर गारवा लागतो. दहावं, नहपान या क्षत्रप राजाच्या काळातलं. आणि तिसरं.

तिसऱ्यापाशी थांबा. तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. अक्षरं ब्राह्मी, आपल्याला वाचता येत नाहीत, पण मी पोरांना सांगतो, एका आईने मुलाचं कौतुक दगडात कोरून ठेवलंय, ते दोन हजार वर्षं होत आली तरी पुसलेलं नाही. लेकीच्या थोरल्याने लगेच आईकडे पाहिलं. त्याचं प्रगतिपुस्तक त्याच आठवड्यात आलं होतं. मग खाली बघा. व्हरांड्याच्या पायाशी बुटक्या धष्टपुष्ट आकृत्या आहेत, अख्खं लेणं खांद्यावर घेतल्यासारख्या. पोरांना शिलालेखापेक्षा त्याच जास्त आवडतात. एकाचा चेहरा डोंबिवलीच्या भावासारखा आहे यावर आमच्याकडे एकमत झालंय.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा, आणि शेवटही नाशिकलाच झाला, १९४४ साली. सिनेमाचं वेड असलेलं कुणी बरोबर असेल तर त्याला इथे न्यायलाच हवं.

दुपारबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. आमरस, झोप, पत्ते. फारच चुळबूळ झाली तर एकच दुपारची सहल मला मान्य आहे, सिन्नरचं गारगोटी संग्रहालय. एसटीने सिन्नर तासाभराच्या आत-बाहेर, आणि आत गेल्यावर ऊन विसरायला होतं. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटात, विहिरी खणताना नि खाणी फोडताना जे स्फटिक सापडतात, ते तिथे मांडलेत. हिरवे अपोफिलाईट, पीच रंगाचे स्टिलबाईट. भावाने विचारलं, "हे खरंच आपल्या दगडातलं?" आयुष्यभर त्याच दगडाच्या गिट्टीवरून मी गाडी नेली आणि मलाही माहीत नव्हतं. तिकीट लागतं. निघण्याआधी वेळ फोन करून विचारून घ्या. ही सवय सगळ्याच संग्रहालयांसाठी ठेवा.

संध्याकाळ गंगेवर

ही माझी आवडती फेरी, आणि खर्च जवळजवळ शून्य.

सहाला पंचवटीच्या बाजूने सुरुवात करा. काळाराम मंदिर आधी. काळा दगड रामशेजच्या डोंगरातला. पोरांना राम दाखवा आणि त्याचबरोबर हेही सांगा की, २ मार्च १९३० रोजी याच दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. देवळं सगळेच दाखवतात, ही गोष्ट कुणी तरी सांगायला हवी.

तिथून उतारावरून चालत गंगेवर. नारोशंकराच्या देवळाची घंटा वर मान करून बघायची. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आणलेली, असं तिच्याबद्दल सांगतात. मग दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगेला पूर आला की सगळं नाशिक एकमेकांना फोन करून विचारतं, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? कमरेला, छातीला, की मानेला? तो आमचा पूर मोजायचा मीटर. मे महिन्यात त्याच्या पायाशी उभं राहून वर बघा, म्हणजे पावसाळ्यातल्या त्या बातमीचा अर्थ कळेल.

इथे एक सूचना, ती अनुभवातून. दिवसभर तापलेला दगड सातला सुद्धा गरम असतो. आमची ही पहिल्या वर्षी कौतुकाने पायरीवर बसली आणि तितक्याच वेगाने उठली. तेव्हापासून पिशवीत सतरंजी असतेच. सतरंजी टाका, पोरांना पाण्यात पाय सोडू द्या, कुणाचा हात सोडू नका, आणि आरती होईपर्यंत बसून राहा.

आरतीनंतर लोक उठून जातात. तुम्ही उठू नका. मे महिना असेल तर तिथेच यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. शंभरी ओलांडलेली परंपरा आहे ही. रोज नवा वक्ता, नवा विषय, तिकीट नाही. एक दिवस पाणीप्रश्न, दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी, तिसऱ्या दिवशी मेंदूचे आजार. कोणत्या दिवशी काय आहे ते स्थानिक पेपरात येतं, ते बघून दिवस निवडा, कारण वक्ता लांबण लावणारा निघाला तर पोरं तुमचा जीव घेतील. शेवटच्या रांगेत बसायचं. उठता येतं, आणि वारंही तिथेच येतं.

पटांगण ज्यांच्या नावाचं आहे ते यशवंतराव महाराज सटाण्याला मामलेदार होते. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा केला, म्हणून लोक देवमामलेदार म्हणू लागले. सरकारी नोकरीतला माणूस देव झाल्याचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. आमच्या खात्यात दोन रुपये कमी भरले तरी मेमो यायचा.

चैत्रात येणाऱ्यांसाठी वेगळं. रामनवमीनंतर कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो. त्या दिवशी बाकी काहीच ठरवू नका. रथाच्या पुढे मानकरी रामाकडे तोंड करून, पाठमोरे चालत जातात. तेवढी वाट उलट्या पावलांनी! दोरावर तालमीतली पोरं. लहान मुलं असतील तर गल्लीच्या तोंडाशी उभे राहू नका, कुणाच्या तरी ओट्यावर जागा मागा. जुन्या नाशकात ओटा मागितला तर नाही म्हणत नाहीत, पाणीही विचारतात.

नाटक, आणि मी केलेली फजिती

शालिमारजवळ महाकवी कालिदास कलामंदिर आहे. आणि त्याच परिसरात, चालत जाण्याच्या अंतरावर, सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह. (वाचनालय १८४०चं, एवढं जुनं. पुस्तकांचा नाद असलेल्या पाहुण्याला आधी तिथे सोडा, नाटकाच्या वेळेला घेऊन या.) ही दोन नाट्यगृहं आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्म इथे गेला. तरी एकदा आठ तिकिटं खिशात ठेवून सगळ्यांना कालिदासला नेलं, आत जाणाऱ्यांना "नाटक चांगलं आहे म्हणतात" असं सांगत उभा राहिलो. दारावरच्या मुलाने तिकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "काका, हे साईखेडकरचं." मग आठ जणांची जी पळापळ झाली! तिसरी घंटा वाजत असताना अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून जाऊन बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं तपासणाऱ्याने स्वतःचं वाचलं नव्हतं. भाची अजून बसमध्ये चढताना विचारते, "मामा, नाट्यगृह कोणतं?"

तेव्हा तिकीट वाचा. आणि शक्यतो खिडकीवर जाऊन प्लॅन बघून घ्या. ऑनलाइन घेतलं तरी चालतं, पण खिडकीवरचा माणूस सांगतो, इथे खांब येतो, इथे पोरांना दिसणार नाही. लहान मुलं असतील तर रांगेच्या कडेची जागा घ्या. सुट्टीत बालनाट्यं लागतात, त्यांना मोठ्यांनी नाकं मुरडू नयेत. गेल्या वर्षी राक्षस आल्यावर सगळ्यात मोठ्याने ओरडला तो भाचीचा नवरा.

रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर सुटायला बारा होतात. त्या वेळी बस मिळेल हे गृहीत धरू नका, हे मी कंडक्टर म्हणून सांगतोय. रिक्षाचं भाडं आधी ठरवा किंवा आमच्यासारखं चालत घरी या.

प्रयोगाआधीचं खाणं मेनरोडवरच उरकायचं. सायंताराचा साबुदाणा वडा तोंडाने फुंकत फुंकत खायचा, बाहेरून खरपूस, आतून मऊ. नंतर बुधा हलवाईची जिलबी. दोन्ही तेला-तुपातले, म्हणून पुन्हा सांगतो, ऊन उतरल्यावरच. मध्ये रसवंती दिसली की थांबा, घुंगरांचा आवाज आला म्हणजे चरक चालू आहे, रस ताजा आहे. बर्फ कमी सांगा, आलं जास्त.

गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. तात्यासाहेब शिरवाडकरांचं नाव घेतलं नाही तर नाशिकचं लिखाण पुरं होत नाही म्हणतात, पण मी नुसतं नाव घ्यायला सांगत नाही. तिथे चित्रप्रदर्शनं, गाण्याचे, कवितेचे कार्यक्रम बारा महिने चालू असतात. संध्याकाळी सहज चक्कर मारा, बाहेरचा फलक वाचा, दार उघडं असेल तर आत जा. आमचे निम्मे चांगले कार्यक्रम असेच न ठरवता झालेत.

वायनरीचं विचारतातच. सुला गंगापूर धरणाच्या बाजूला आहे, संध्याकाळी तिथून दृश्य छान दिसतं, टूर घेता येते. पण मे महिन्यात द्राक्षं बघायला मिळतील या आशेने जाऊ नका. तोडणी मार्चपर्यंत संपते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यामुळे वेलींवर नुसते कोवळे फुटवे. डोंबिवलीचा भाऊ बागेत उभा राहून विचारत होता, "घड कुठेत?" घड तुझ्या ग्लासात आहेत, म्हटलं. आणि जो गाडी चालवणार त्याने ग्लासाला हात लावायचा नाही, आमच्याकडे हा नियम मी घालतो.

शेवटची फेरी बुधवारची. बुधवारी गंगेवर बाजार भरतो. दिवसभर असतो, पण आपण आपल्या नियमाने सकाळी लवकर जायचं. मे महिन्यात पेठ-हरसूलकडच्या बाया करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात. करवंदं पानाच्या द्रोणात मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा: फळ काळंभोर हवं, लालसर असेल तर ते आंबट, आणि देठाशी पांढरा चीक ताजा दिसला तर ते आजचंच तोडलेलं. कापडी पिशवीत ओतू नका, डाग जात नाही. द्रोणातूनच खात घरी या. भाव करू नका. मी एकदा केला होता, दहा रुपयांसाठी. बाईने काही न बोलता द्रोणातली मूठभर करवंदं परत टोपलीत टाकली आणि दहा रुपये कमी घेतले. हिशोब चोख. मी पिशवीतून सुट्टे काढून उरलेले दहा दिले, तिने मूठ परत भरली, आणि वर दोन जांभळं पोरीच्या हातावर ठेवली.